पहिलं गाठोडं

“दाब वाढलाय,” उर्मिला म्हणाली आणि दंडाचा पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागली.

“वाढणारच की,” धुरपाबाई म्हणाली. “जल्मात खुर्चीवर बसली न्हाई पोर. उतरीव तिला खाली, मग बग तुजा दाब कसा उतरतोय.”

बाया फिसकन हसल्या. मीही हसले. उर्मिला हसली नाही. डॉक्टर उर्मिला चौबळ एरवी माझ्या बारीकशा टोमण्यालाही दाद द्यायची. ती हसली नाही म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मी हातातल्या गोळ्यांच्या पुड्या खाली ठेवल्या.

खुर्चीवर बसलेली ठकू ही धुरपाबाईची धाकटी सून. आठवा संपत आलेला. पायावरची सूज इतकी की जोडव्यांचे वळ पडलेले. दोन दिवस डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे येतात, असं तिनं खालमानेनं सांगितलं होतं. तेही सासू पाणी आणायला गेली तेव्हा.

हा धनगरांचा वाडा. वाडा म्हणजे भिंती-दारं नव्हेत. पाच-सहा बिऱ्हाडं, मेंढरांचा मोठा कळप, सामान वाहायला घोडी, राखणीला कुत्री, घोड्यांच्या पाठीवर बसून फिरणाऱ्या कोंबड्या. आज ह्या रानात, उद्या पुढच्या. ज्वारी निघाली की शेतकरी यांना बोलावून मेंढरं रात्रभर आपल्या रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत फुकट पडतं, बदल्यात धान्य द्यायचं. मग पुढचा शेतकरी बोलावतो. हे मला माहीत होतं, कारण आमचं तालुक्याच्या मार्केट यार्डात धान्याचं दुकान. कुणाच्या रानात मेंढरं बसली ते पुढच्या हंगामात त्याच्या पोत्यांच्या वजनावरून मला कळायचं.

दुकानातली बाई दवाखान्यात कशी आली, तर आमच्या महिला मंडळानं दर रविवारी फिरता दवाखाना काढला होता. उर्मिला डॉक्टर, याकूबभाईंची जीप, आणि आम्ही दोघी-तिघी गोळ्या वाटायला आणि आरोग्याचे धडे द्यायला. बाकीच्या पुण्य जोडायला यायच्या. मी यायचे ती माणसं बघायला. कोण कशापायी काय बोलतो, हे ताडायची खोड मला माहेरापासूनची, आणि गल्ल्यावर बसून ती पक्की झालेली.

त्या दिवशी धडा द्यायची पाळी माझी होती. शहरातून आलेली कापडावरची रंगीत चित्रं मी बाभळीला टांगली होती. चित्रातली गरोदर बाई कौलारू घरात खाटेवर आडवी, उशाशी फळांची टोपली. खाली लिहिलेलं, ‘दुपारी दोन तास झोप घ्या.’

“घोडीवर?” धुरपाबाईनं विचारलं होतं.

“म्हणजे, जमेल तशी.”

“हिचं घर हाललंच न्हाई वाटतं कवा,” ती चित्राकडे बोट दाखवत म्हणाली. “म्हून झोपलीया. हालू दे एकदा, मग बगू.”

त्यानंतर माझा धडा कुणी ऐकला नाही. मीसुद्धा नाही.

उर्मिलानं ठकूला आडोशाला पाठवून लघवी आणायला सांगितली. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता आतलं पाणी दूध नासावं तसं पांढरं झालं. उर्मिलानं नळी माझ्याकडे वळवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

“आजच्या आज दाखल करायला हवं, महानंदाताई. हिला कधीही झटके येतील. मग आई नाही आणि मूलही नाही.” ती हे हळू म्हणाली, पण ठकूच्या कानांवर गेलंच. ती खुर्चीवरून उतरून घोडीच्या आडोशाला जाऊन बसली.

वाड्याचा कारभारी धुळाप्पा, म्हणजे धुरपाबाईचा दीर, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. “आसं करू,” तो म्हणाला. “उद्या वाडा हालतोय. कालव्यापल्याड पाव्हन्याचा सांगावा आलाय. म्होरं एखादं मोठं गाव लागलं तर दावू.”

“पुढचं गाव लागेपर्यंत ती राहणार नाही, बाबा.”

“मग तिला हितं ठिवायची आन् वाडा न्यायचा?”

“तालुक्याच्या दवाखान्यात ठेवायची. मी आहे तिथे. रोज बघेन.”

“न्हाई,” धुरपाबाई म्हणाली.

“आजी, अहो…”

“न्हाई म्हणलं ना. तालुक्याच्या दवाखान्यात तर न्हाईच.” मग जरा थांबून तिनं याकूबभाईंना विचारलं, “त्याच्या मागल्या अंगाला हीर व्हती. हाय का बुजवली?”

“बुजवली की कधीची,” याकूबभाई म्हणाले.

मी चमकले. थोड्या वेळापूर्वी हीच बाई म्हणाली होती, आमी कवा दवाखान्याची पायरी चढलो न्हाई. पायरी न चढणाऱ्याला मागची विहीर कशी ठाऊक? पण हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. मी तो मनात बाजूला ठेवून दिला.

उर्मिला समजावत राहिली. फोड करून सांगत होती, रागावत होती, हात जोडत होती. मला दुकानातली गिऱ्हाइकं आठवत होती. नको असलेलं गिऱ्हाईक भाव विचारत नाही, चालू लागतं. धुरपाबाई उठून गेली नव्हती. म्हणजे नकार पक्का नव्हता. अडत होतं ते दुसरंच काही.

“आजी,” मी विचारलं, “सून दवाखान्यात जायला नको, की वाडा सोडून राहायला नको?”

ती माझ्याकडे वळली. “शेठाणी, मानूस मागं ठिवून वाडा हालत नसतो.”

“मग वाडाच दवाखान्याशी आला तर?”

धुळाप्पा हसला. “दवाखान्यात मेंढरं भरती करता काय?”

“दवाखान्याच्या भोवतीनं रानं आहेत. ज्वारी निघालीय. आज ह्या रानात बसा, उद्या शेजारच्या. रानं मी मिळवून देते. धान्यही नेहमीसारखं मिळेल.”

धुळाप्पा हिशेब करायला लागला तसे मला त्याचे ओठ हलताना दिसले. पण बोलली धुरपाबाई.

“ठकीच्या खाटंवरनं वाडा दिसला पायजे.”

“म्हणजे?”

“खिडकीतनं. तिला आमी दिसलो पायजे. जितनं दिसायचं न्हाई त्या रानात आमी बसनार न्हाई.”

मला वाटलं, म्हातारी सौद्यात शेवटी काहीतरी जास्तीचं पदरात पाडून घेतेय. आमच्याकडेही पोतं तोलून झाल्यावर लोक मूठभर वर मागतात. मी लगेच हो म्हटलं.

बाया सामान आवरायला लागल्या. तेव्हा मी त्यांची रीत पहिल्यांदा पाहिली. गाठोडी, भांडी, करडं ठेवायच्या जाळ्या, सगळं बांधून तयार. पण कुणी हात लावेना. धुरपाबाई एकटी त्या मोकळ्या झालेल्या जागेवरून हिंडली. चुलीची राख पायानं उकरली. एक सुतळीचा तुकडा उचलून कनवटीला लावला. मग धुळाप्पानं लांबून हाळी दिली, “वयनी, राहिलं का काय मागं?”

“न्हाई राहिलं,” ती म्हणाली, आणि तिनं पहिलं गाठोडं उचलून घोडीवर टाकलं. त्यानंतरच बाकीच्यांनी आपापलं उचललं.

ठकूला जीपमधून पुढं धाडलं. खरी धावपळ आता माझी होती.

दवाखान्याच्या मागचं रान आबासाहेब निगड्यांचं. हे दूध सोसायटीचे चेअरमन. मेंढरांचं नाव काढलं की ते डाळिंबाची गोष्ट काढत. कुणाच्या तरी मेंढरांनी कधीकाळी त्यांची डाळिंबाची रोपं खाल्ली होती. तेव्हापासून त्यांच्या रानात मेंढरू फिरकलं नव्हतं, आणि ज्वारीही फारशी फिरकली नव्हती.

“मेंढरं?” आबासाहेब ओसरीवरूनच ओरडले. “माझी डाळिंबं…”

“ठाऊक आहे. म्हणूनच म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही नको म्हणालात की बापूरावांना हो सांगायला मी मोकळी.”

“बापूरावानं मागितलीत?”

“माणूस पाठवला होता म्हणे.” बापूरावांना अजून ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

आबासाहेब ओसरीवरून उतरले. “त्याचं रान माझ्या रानाला लागूनच. म्हणजे पुढच्या साली त्याची कणसं माझ्या डोळ्यांपुढं डुलणार. धान्य किती मागतात?”

“जे चालतं ते. पण आजच्या आज.”

“आज बसवा,” ते म्हणाले. “पण डाळिंबाच्या बाजूला कुत्रं बांधा.”

ऊन कलताना वाडा आला. उर्मिलानं वॉर्डातली मागच्या खिडकीजवळची खाट ठकूसाठी धरून ठेवली होती. ठकूनं मान वळवली तर समोर तिचीच मेंढरं. मग ती झोपली. औषधानं झोपली असं उर्मिला म्हणते.

बाहेर मात्र धुरपाबाई बिऱ्हाड मांडायच्या आधी एकटीच बुजवलेल्या विहिरीपाशी गेली. कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून तिनं तिथं टाकला आणि हात जोडले. जागेच्या देवाला असेल, असं मी समजले.

पुढचे दिवस मला बसायची उसंत नव्हती. रोज सकाळी वॉर्डाच्या खिडकीत उभं राहायचं, कुठलं रान दिसतंय ते बघायचं, मालक कोण ते विचारायचं आणि त्याच्याकडे सुटायचं. बापूरावांना सांगितलं, आबासाहेबांनी बसवली. तिसऱ्याला सांगितलं, या दोघांनी बसवली. एकमेकांच्या हेव्यावर वाडा दवाखान्याला वळसा घालत निघाला. एका रानात एक रात्र, फार तर दोन. त्यापुढं मेंढरांना चरायला काही उरत नाही. दुकानात बसलेले आमचे मालक म्हणायचे, “तू गल्ल्यावर असतीस तर एवढ्या सौद्यांत आपण माडी बांधली असती.”

तिकडे ठकूचा दाब एक दिवस उतरे, दुसऱ्या दिवशी चढे. “थोडं थांबू, मूल जरा पोसलं पाहिजे,” उर्मिला म्हणे आणि पुन्हा व्हरांड्यात येरझाऱ्या घाली. थांबायचं किती, हे ती सांगेना. धुळाप्पा तर रोज एकच विचारी, “अजून किती?” मी दोघांच्या मधे. रात्री अंथरुणावर पडले की कानात मेंढरं ओरडत.

धुरपाबाई मात्र वॉर्डात जमिनीवर बसलेली असे. सुनेच्या खाटेला पाठ, आणि तोंड कोपऱ्यातल्या घड्याळाखालच्या खाटेकडे. ती खाट रिकामीच होती. वॉर्डाच्या सिस्टर देशमाने तोंडानं तिखट बाई.

“आजी, भेटायची वेळ संपली. पाहुण्यांनी बाहेर व्हायचं.”

“मी पाव्हनी न्हाई.”

“मग पेशंट आहात?”

“तुला काय लिवायचं ते लिव. मी उठनार न्हाई.”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी धुरपाबाईच्या शेजारी एक पांघरूण घडी करून ठेवलेलं दिसलं. कुणी दिलं ते सिस्टरांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

आणि मग रानं संपली. खिडकीतून दिसणारी सगळी मी वापरून टाकली होती. उरलेल्यांत एकात हरभरा उभा, दुसऱ्याला पाणी सोडलेलं. पलीकडं कालवा; कालव्यापल्याडचं काही दिसत नव्हतं. नेमकं त्याच सकाळी ठकूचं डोकं फुटायला लागलं, दाब चढला आणि उर्मिलानं कळा यायचं औषध लावलं.

“आज सुटका करायलाच हवी,” ती म्हणाली. “आता थांबले तर दोघंही हातातून जातील.”

बाहेर वाडा आवरून तयार होता. घोड्यांवर खोगिरं चढली होती. धुळाप्पानं माणूस पाठवून धुरपाबाईला बोलावून घेतलं.

“वयनी, मेंढरं उपाशी हायती. पाव्हना वाट बघून दुसरा वाडा बोलवंल. हितं डॉक्टरीण हाय, शेठाणी हाय. लखूबी ऱ्हाईल.” लखू म्हणजे ठकूचा नवरा, घोडीचा लगाम धरून उभा होता, त्यानं मान डोलावली. “आमी कालव्यापल्याड बसतो. कोसभर तर हाय. बाळतीन झाली की येऊन नेऊ.”

त्याच्या बोलण्यात चूक अशी काही नव्हती. मलाही ते पटलं होतं. मी तोंड उघडणार तोच धुरपाबाई चालत आपल्या गाठोड्यापाशी गेली. सगळ्या बाया सरसावल्या.

ती गाठोड्यावर बसली.

“उचल, वयनी.”

“न्हाई.”

“आगं, मेंढरं…”

“मेंढरं वरडून मरत न्हाईत.”

रीत अशी की तिनं उचलल्याशिवाय कुणी उचलायचं नाही. ती उचलत नव्हती. धुळाप्पानं पागोटं काढलं, पुन्हा घातलं. “येवडी वरसं झाली, कवा आसं केलं न्हाईस.”

“न्हाई केलं,” ती म्हणाली. “त्येच तर.”

ऊन चढलं. मेंढरांनी असा गलका केला की वॉर्डातले पेशंट खिडक्यांशी आले. दवाखान्याचे मोठे डॉक्टर, सहस्रबुद्धे म्हणून होते, तरातरा बाहेर आले. “हा दवाखाना आहे का जत्रा? हलवा हे सगळं! तासाभरात मला इथं एक मेंढी दिसता कामा नये.”

“साहेब,” मी म्हटलं, “मागच्या आवारातलं गवत कापायला तुम्ही वरती कधीपासून लिहिताय?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“परवा सिस्टर देशमान्यांच्या क्वार्टरशी साप निघाला म्हणे. त्याच गवतातून.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मेंढरांकडे. मग गवताकडे. कमरेएवढं कुसळीचं रान माजलं होतं. “आजचा दिवस,” ते म्हणाले. “फक्त मागचं फाटक. आणि हे कुणी मला विचारलं नाही, मी काही बोललो नाही.”

मागचं फाटक उघडलं तसा कळप आत लोटला आणि गलका एकदम थांबला. उरला फक्त गवत ओरबाडल्याचा आवाज. बाया सावलीला टेकल्या. धुरपाबाई मात्र फाटकाबाहेर गाठोड्यावर तशीच, उन्हात.

मी तिच्याशेजारी दगडावर बसले, उठले, व्हरांड्यात गेले, परत आले. दार बंद. आतून भांड्यांचा आवाज, कुणाची तरी धावती पावलं. एकदा दार उघडलं आणि देशमाने सिस्टर धावत बाहेर आल्या, कपाटातून इंजेक्शनं काढून पुन्हा धावत आत गेल्या. मी विचारलं, तर त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं.

“झटका आला जनू,” धुरपाबाई म्हणाली. बसल्या जागेवरून तिला काही दिसणं शक्य नव्हतं.

“आजी, आत चला.”

“न्हाई. मी उठले की त्येंला वाटंल मी उचलतीया.”

लखू भिंतीला डोकं टेकून उभा होता. धुळाप्पा त्याच्यापाशी गेला आणि त्यानं आपलं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं. इतक्या उन्हात. कुणी हसलं नाही.

दुपार कलायला लागली तेव्हा उर्मिला बाहेर आली. केस विसकटलेले, चेहऱ्यावर रंग नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, संपलं.

“मुलगी,” ती म्हणाली. “मांजराच्या पिलाएवढी आहे. पण काय ओरडली!”

“आणि ठकू?”

“झटका आला होता. आवरला. शुद्धीवर आलीय. दाब उतरतोय.” मग ती रडायला लागली आणि हसायलाही. “पहिलं काय विचारलं माहितीय? वाडा हाय का गेला.”

धुळाप्पानं खाली बसून मातीला हात लावला. मग उठून म्हणाला, “वयनी, आता तर उचल.”

“ती चालत भाईर येऊ दे. मग.”

धुळाप्पा कपाळाला हात लावणार, तेवढ्यात आबासाहेब निगडे छत्री घेऊन आले. कळप फुकट सरकारी आवारात बसलाय ही बातमी त्यांना सोसायटीत लागली होती आणि ती त्यांना सहन झाली नव्हती.

“शेठाणी, हा काय न्याय? सरकारचं गवत चारता आणि खतही सरकारला! त्या टाकीशेजारी माझा दुसरा तुकडा आहे. तिथं बसवा. चार रात्री बसवा. कडबा मी देतो.”

“डाळिंबाचं काय, आबासाहेब?”

“डाळिंबाचं नंतर बघू.”

मी वॉर्डात जाऊन खिडकीतून मान काढून बघितलं. टाकी दिसत होती. टाकीशेजारचा तुकडाही.

वाडा तिथं राहिला. पिलू दूध ओढायला लागलं, ठकूची सूज उतरली, जोडवी सैल झाली. मग एका सकाळी उर्मिलानं सोडलं. बाहेर घोडी सजली होती. पाठीवर एका बाजूला करडांची जाळी, दुसऱ्या बाजूला कोंबड्या, मधे जागा करून घोंगडी अंथरलेली. ठकू आपल्या पायांनी चालत बाहेर आली आणि कडेवरच्या पोरीसकट वर चढली. देशमाने सिस्टरांनी पांघरूण घोंगडीखाली सरकवलं आणि गुपचूप मागं फिरल्या.

सगळं बांधून तयार. धुरपाबाई दिसेना. मला वाटलं, नेहमीसारखी चुलवणांवरून हिंडत असेल. तिथं नव्हती. मी वॉर्डात गेले.

ती ठकूच्या खाटेखाली वाकली होती. गादी उचलून बघितली. उशाचं लाकडी कपाट उघडलं. आतून पोरीच्या मनगटाचा काळा दोरा निघाला. तो कनवटीला लावला. मग ती कोपऱ्यात गेली. घड्याळाखालच्या त्या खाटेपाशी. तिथंही खाली वाकली, गादीची कड उचलली, भिंतीच्या फटीत बोट फिरवलं.

“आजी, ती खाट आपली नव्हती.”

“व्हती,” ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले.

“हिराई व्हती हितं. माजी थोरली लेक. तापानं फनफनली व्हती. वाडा हालायचा व्हता. म्हणले, हितं डाक्टर हाय, परत येऊन नेऊ. आमी आलो तवा खाटंवर दुसरीच बाय. इचारलं तर त्येंला नावबी ठाव न्हाई. एक म्हातारा झाडूवाला म्हणला, मागं हिरीच्या अंगाला पुरलं असंल, बेवारशांना तितंच नेत्यात.” ती चादरीची सुरकुती हातानं सरळ करत होती. “डोळं मिटस्तवर खिडकीकडं बघत व्हती म्हणला. वाडा कवा गेला त्ये तिला दिसलंच न्हाई. खाट ह्या अंगाला ना. हितनं मागलं काय दिसत न्हाई.”

मी तिथं उभं राहून पाहिलं. खरंच दिसत नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “त्या दिवशी वाडा हलवला कुणी? धुळाप्पांनी?”

“वाडा कारभारी हालवत न्हाई, शेठाणी. तू बगितलंस की.” तिनं पदर खोचला. “पयलं गाठोडं म्याच उचाललं.”

ती बाहेर गेली. मी मागोमाग. फाटकाशी सगळे खोळंबलेले. ठकू घोडीवर, पोरगी तिच्या छातीशी, मेंढरं पुढं निघायला आतुर झालेली. धुळाप्पानं नेहमीसारखी हाळी दिली.

“वयनी, राहिलं का काय मागं?”

धुरपाबाई वळली. बुजवलेल्या विहिरीकडं तिनं एकदा बघितलं. मग ठकूकडं. मग पोरीकडं. बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या; उत्तर यायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

“ह्या बारीला न्हाई,” ती म्हणाली, आणि वाकून पहिलं गाठोडं उचललं.